खुणेचा पत्ता : निदान खरे, उपचार अपुरा

लाच घेणाऱ्याला पकडण्यासाठी नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावतात, हे आपण वर्तमानपत्रात वाचलेले असते. नोटा हाताळणाऱ्याचे हात सोड्याच्या द्रावणात बुडवले की द्रावण गुलाबी होते. त्यामागचे रसायनशास्त्र माध्यमिक शाळेतला विद्यार्थीही सांगेल. अनाहूत ई-मेलचा, म्हणजेच ‘स्पॅम’चा, माग काढण्यासाठी हल्ली सुचवली जाणारी एक युक्ती याच जातीची आहे. युक्ती चांगली आहे. पण तिच्या नावावर खपवले जाणारे सगळे दावे खरे नाहीत. म्हणून तिची थोडी परीक्षा करू.

मारेगावच्या एका शिक्षकमित्राच्या प्रश्नावरून आम्ही याकडे वळलो. तालुक्याच्या गावी अर्ज भरण्याचे काम बहुधा शिक्षकाकडेच येते. शिष्यवृत्ती, प्रवेश, स्पर्धा परीक्षा, प्रशिक्षण. पालकांकडे ई-मेल नसला की गुरुजी आपलाच पत्ता देतात. काही महिन्यांनी त्याच पेटीत शिकवणी वर्गांच्या, कर्जांच्या आणि ‘तुम्हाला बक्षीस लागले’ अशा पत्रांचा ढीग साचतो. मित्राने विचारले, “आमचा पत्ता यांना दिला तरी कोणी?”

स्पॅम नवे नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्यावर एका संगणक कंपनीची जाहिरात सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली गेली. ते पहिले स्पॅम मानले जाते. पोस्टकार्ड पाठवणाऱ्याला निदान पन्नास पैसे पडतात. ई-मेलच्या बाबतीत चारशे काय किंवा चार लाख काय, पाठवणाऱ्याचा खर्च जवळपास तेवढाच राहतो. म्हणून लाखात एखादाच फसला तरी धंदा परवडतो.

आता युक्ती पाहू. ई-मेलच्या पत्त्यात ‘ॲट’ या चिन्हाच्या उजवीकडे सेवेचे नाव असते आणि डावीकडे पेटीचे. डावीकडच्या भागाचा अर्थ फक्त ती सेवाच लावते. जीमेलसारख्या काही सेवा या भागात अधिक चिन्हापुढे लिहिलेला मजकूर दुर्लक्षून पत्र मूळ पेटीत टाकतात. त्यामुळे एका अर्जावर नावापुढे ‘+शिष्यवृत्ती’, दुसऱ्यावर ‘+प्रशिक्षण’ असे (अर्थात रोमन अक्षरांत) लिहिता येते. पुढे कर्जाची जाहिरात ‘+प्रशिक्षण’ या पत्त्यावर आली, तर पत्ता कोणत्या दारातून बाहेर पडला हे कळते. याहून पुढची सोय म्हणजे सेवेनेच प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा, यादृच्छिक अक्षरांचा पत्ता करून देणे. ॲपलने २०२१ पासून आपल्या सशुल्क सेवेत ती दिली आहे. स्पॅम येऊ लागले की तेवढा एक पत्ता बंद करायचा.

पहिला आक्षेप असा की अधिक चिन्हाची खूण सहज पुसली जाते. त्या चिन्हापुढची अक्षरे गाळणारा एका ओळीचा प्रोग्रॅम अकरावीचा विद्यार्थीही लिहील. शिवाय अनेक अर्ज हे चिन्ह असलेला पत्ता स्वीकारतच नाहीत. यादृच्छिक पत्ता या बाबतीत सरस आहे. सहा रोमन अक्षरांच्या ३० कोटी ८९ लाख १५ हजार ७७६ जुळण्या होतात, म्हणजे तो अंदाजाने सापडणे जवळपास अशक्यच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खूण दार दाखवते, दार उघडणारा दाखवत नाही. यादी कोणी विकली, की ती चोरीला गेली? की ज्या सेवा केंद्रावर अर्ज भरला तिथल्या संगणकातच घुसखोर प्रोग्रॅम होता? आमच्या मित्राने तो अर्ज अशाच एका केंद्रावर भरला होता. तेव्हा ‘+प्रशिक्षण’ला स्पॅम आले म्हणून प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला चोर ठरवणे हे निरीक्षण नव्हे, घाईचा निष्कर्ष आहे. प्रयोगात तुलनेची सोय हवी. एक पत्ता कोणालाच न देता ठेवावा आणि एक त्याच केंद्रावरून पण दुसऱ्या अर्जासाठी वापरावा. मगच काही म्हणता येईल.

तिसरा आक्षेप ‘दहा मिनिटांचा पत्ता’ देणाऱ्या सेवांवर आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या मेलिनेटरसारख्या सेवेतली सार्वजनिक पेटी तिचे नाव ठाऊक असलेल्या कोणालाही उघडता येते. एखादे माहितीपत्रक उतरवून घ्यायला ती ठीक आहे. पण शिष्यवृत्तीच्या अर्जावर असा पत्ता दिला तर त्रुटी कळवणारे पत्र हरवेल आणि मुलाचे वर्ष जाईल. स्पॅम टाळण्यासाठी ही किंमत फार आहे.

आणि समजा, चोर सापडला. पुढे काय? नोटांना पूड लावणाऱ्यांच्या पाठीशी पंच असतात आणि कायदा असतो. आपल्या गुलाबी द्रावणापाशी कोण उभे आहे? कॉल आणि एसएमएससाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे नियम व १९०९ हा क्रमांक आहे; ई-मेल त्यात येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६६-अ मध्ये त्रासदायक व उगम लपवणाऱ्या ई-मेलचा उल्लेख होता. पण कलमाची भाषा इतकी सैल, की नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी झालेल्या अटकेत त्याचाच आधार घेतला गेला. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले, आणि योग्यच केले. मात्र स्पॅमपुरता नेमका, स्वतंत्र कायदा त्याच्या जागी आला नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरण्याचे बंधन घातले आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. खुणेच्या पत्त्याला खरे मोल येईल ते अशा तक्रारीत पुरावा म्हणून.

तोपर्यंत शिक्षकांनी इतके करावे. मुलांच्या अर्जांसाठी स्वतःच्या पेटीपासून वेगळी, कायम टिकणारी एक पेटी ठेवावी. कुठला पत्ता कोणाला व कोणत्या तारखेला दिला याची वही ठेवावी. विज्ञान मंडळाच्या मुलांना तीन पत्त्यांचा वरचा प्रयोग वर्षभर चालवायला द्यावा. एकाही पत्त्यावर स्पॅम आले नाही, तर तोही निष्कर्षच आहे. तोही वहीत लिहायचा, हे मुलांना आवर्जून सांगावे.