तीन मिनिटांतून सुटलेली इंद्रायणी

‘इंद्रायणी काठी’ ही रचना कुणा संताची आहे असं मानणारे श्रोते आजही भेटतात. प्रत्यक्षात ती गदिमांची आहे, आणि तीही एका विनोदी चित्रपटासाठी लिहिलेली. १९५३ सालच्या ‘गुळाचा गणपती’ची कथा, पटकथा, संवाद, दिग्दर्शन, संगीत आणि नायकाची भूमिका हे सगळं पु. ल. देशपांडे यांच्याकडे होतं. ‘सबकुछ पु. ल.’ हे बिरुद त्या चित्रपटाला चिकटलं ते त्यामुळेच. गीतं मात्र ग. दि. माडगूळकरांची. दोघेही १९१९चे, तेव्हा तिशीच्या पूर्वार्धातले. गायक भीमसेन जोशी त्यांच्याहून लहान, एकतीस वर्षांचे.

म्हणजे हे गाणं जन्मलं ते ध्वनिमुद्रणाच्या खोलीत. पुढे भीमसेनांनी ‘संतवाणी’ या अभंगांच्या मैफलींतून ते वर्षानुवर्षं गायलं. त्या मैफलींची ध्वनिमुद्रणं आज सहज ऐकायला मिळतात. मूळ चित्रपटगीत आणि मैफलीतलं गाणं लागोपाठ ऐकलं की माझं मत दर वेळी एकाच बाजूला झुकतं. स्टुडिओत गाण्याचा आराखडा तयार झाला, गाणं पूर्ण झालं ते मैफलीत. असं का वाटतं, हे तपासून पाहण्यासाठी हा लेख.

मी हे हिंजवडीत बसून लिहितो आहे. आयटी पार्कच्या काचेच्या इमारतींपासून, रस्ता मोकळा असला तर, देहू फार लांब नाही. तिथली नदी तीच इंद्रायणी. लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावून देहू आणि आळंदीवरून ती पुढे तुळापूरला भीमेला मिळते. त्यामुळे इथल्या श्रोत्याला हे गाणं दूरच्या तीर्थाचं वर्णन वाटत नाही. त्यातली नदी त्याच्या पाण्याच्या, पुलांच्या आणि प्रदूषणाच्या बातम्यांमधली नदी आहे.

आधी शब्द पाहू. गदिमांनी इथे अभंगाचा घाट घेतला आहे, पण नक्कल केलेली नाही. पहिल्या चरणात नदी, गाव आणि ज्ञानेश्वरांची समाधी. मग ज्ञानियांच्या या राजाभोवती नाचणारे वैष्णव. मग दाटून आलेला ज्ञानाचा उजेड आणि अंगणातलं कैवल्याचं झाड. शेवटी निवृत्ती, सोपान आणि मुक्ताबाई त्या उजेडातच विरून गेलेली. रचनेची खुबी अशी की एका कडव्याचा शेवटचा शब्द पुढच्या कडव्याच्या आरंभाला पुन्हा येतो. ‘मागेपुढे’ हा शब्द आधी नाचणाऱ्या वैष्णवांचा आहे. लगेच तोच उजेडाचा होतो. गर्दी होती तिथे प्रकाश येतो, आणि ही उलथापालथ एकाच शब्दावर होते. ‘उजेड’ हा शब्दही असाच पुढे सरकतो: आधी तो भोवती पसरलेला असतो, नंतर ती भावंडंच उजेड होतात.

शेवटच्या चरणात आणखी एक गोष्ट दडली आहे. ज्ञानेश्वरांनी आळंदीला शके १२१८मध्ये, म्हणजे १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी घेतली. सोपानदेवांची समाधी सासवडला, निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वरला आणि मुक्ताबाईंचं स्थान तापीकाठी, मुक्ताईनगर परिसरात. चार भावंडं महाराष्ट्राच्या चार दिशांना विसावली. गदिमा त्यांना एका ओळीत पुन्हा आळंदीच्या अंगणात आणतात. इतिहासाने पांगवलेलं कुटुंब कवितेने एकत्र बसवलं, आणि त्यासाठी एकही दुःखाचा शब्द वापरला नाही.

आता चाल. पु. लं.नी भीमपलास निवडला. कोमल गंधार, कोमल निषाद. आरोहात रिषभ आणि धैवत वर्ज्य, अवरोहात सातही स्वर. मध्यमावर विसावणारा, दुपारच्या उतरत्या उन्हाचा राग. आर्जव आणि प्रसन्नता एकत्र नांदावी अशी त्याची प्रकृती. मुखडा इतका सोपा की पहिल्यांदा ऐकणारालाही दुसऱ्या खेपेला गुणगुणता यावा. पु. ल. पेटीवादक होते, बालगंधर्वांच्या गाण्यावर पोसलेले होते. शब्द कुठे टेकवला म्हणजे गायकाला पुढे जागा राहते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. या चालीत जागा भरपूर आहेत. चित्रपटगीतात त्यांतल्या बऱ्याचशा रिकाम्याच राहिल्या.

त्याचं पहिलं कारण घड्याळ. त्या काळची ७८ फेऱ्यांची तबकडी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं घेई. चित्रपटातल्या प्रसंगालाही तेवढाच अवकाश. मूळ ध्वनिमुद्रण ऐकताना ते जाणवतं. आवाज तरुण आहे, तेजस्वी आहे, सूर अचूक आहेत. पण गायक एका चरणावरून दुसऱ्यावर नेमून दिल्याप्रमाणे जातो. ‘मागेपुढे’चा तो फेरा आपल्या लक्षात येईपर्यंत गाणं पुढे निघून गेलेलं असतं. कविता तिथे पोहोचवली जाते, मुरायला मात्र तिला वेळ मिळत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. स्टुडिओतलं गाणं कृत्रिम आणि मैफलीतलं अस्सल, अशी सोपी विभागणी १९५३च्या बाबतीत करता येत नाही. वेगवेगळे ट्रॅक नोंदवून मागाहून जुळवण्याची सोय तेव्हा नव्हती. गायक आणि वादक एकत्र बसत, एकत्र वाजवत, आणि कुणी चुकलं तर सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. त्या अर्थाने तेही थेट गाणंच होतं. त्यात उणीव होती ती वेळेची आणि समोर बसलेल्या माणसांची.

‘संतवाणी’त या दोन्ही गोष्टी मिळाल्या. प्रत्येक मैफलीत तपशील बदलतो, तरी ढंग ओळखीचा आहे. आधी भीमपलासचे मोजके स्वर. किराणा घराण्याच्या रीतीप्रमाणे एकेका स्वराला गोंजारत राग उभा राहतो आणि मग मुखडा येतो. तो आला की श्रोत्यांमधून एक हलकासा हुंकार उठतो. ओळखीचं माणूस दारात दिसल्यावर घरात होते तशी ती हालचाल. पुढचं सगळं गाणं या ओळखीच्या आधारावर चालतं. समोरच्यांना शब्द पाठ आहेत, तेव्हा ते नुसते पोहोचवण्याची गरज गायकाला उरत नाही. तो त्यांच्याशी खेळायला मोकळा होतो.

या खेळातली एक बारीक गंमत स्वरांच्या उच्चारात आहे. मुखड्यातले जवळपास सगळे महत्त्वाचे शब्द दीर्घ ईकाराने संपतात. हा स्वर गाण्याला टोक देतो, पण गळा मोकळा सोडून विस्तार करायला तो अवघड. भीमसेन काय करतात? ‘काठी’तल्या ‘का’वर आणि ‘समाधी’तल्या ‘मा’वर आकार उघडतात, तिथून स्वर वर नेतात आणि मग ईकारावर येऊन मिटवतात. उघडणं आणि मिटणं, पुन्हा उघडणं आणि पुन्हा मिटणं. ‘समाधी’ या शब्दाच्या बाबतीत हा केवळ गळ्याचा डाव राहत नाही, अर्थच कानांना ऐकू येऊ लागतो. तीन मिनिटांच्या गाण्यात हा शब्द उच्चारला जातो. मैफलीत तो लागतो.

पुढे ‘मागेपुढे’. मैफलीत या शब्दाभोवती आवर्तनं घेता येतात. एकदा तो मागच्या कडव्याशी बांधलेला, एकदा पुढच्याशी, एकदा नुसताच सुटा. नाचणारी माणसं कुठे संपली आणि प्रकाश कुठे सुरू झाला हे ऐकणाराला सांगता येऊ नये, हीच गदिमांची कल्पना. गाण्यात ती आवर्तनांमुळे साकार होते. आणि शेवटी ती तीन नावं. पुन्हा पुन्हा घेतल्यावर निवृत्ती, सोपान, मुक्ताबाई ही पात्रांची नावं राहत नाहीत, ते नामस्मरण होतं. वारकरी परंपरेत भजन ज्या वाटेने जातं त्याच वाटेने चित्रपटातलं हे गाणं भजनात दाखल होतं. ते संतरचना वाटावं यात नवल नाही. संतरचनेचा हा शिक्का कवीने कोरला, पण उमटवला तो मैफलीने.

आणि टाळ. भीमसेनांच्या अभंगांना अनेक वर्षं माउली टाकळकरांची टाळांची साथ असे. टाळ हे ताल दाखवण्याचं यंत्र आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ती साथ एकदा लक्ष देऊन ऐकावी. आघात कधी खणखणीत, कधी मिटलेला. गायक आलापात असला की टाळ जवळजवळ कुजबुजतो आणि तान समेवर आली की उसळतो. भजनी ठेक्यावर तबला-पखवाज जो पाया घालतात, त्यावर टाळामुळे दिंडीची चाल येते. बसून ऐकणारा माणूसही मनाने दोन पावलं पुढे, एक मागे करू लागतो.

हिंजवडीत कानाला लावायची जी साधनं घराघरांत आहेत, त्यांची मोठी जाहिरात असते ती बाहेरचा गोंगाट गाळण्याची. कॅबमध्ये, बसमध्ये, वाकडच्या पुलाखाली अडकलेल्या रांगेत हे वरदानच. पण मैफलीचं ध्वनिमुद्रण ऐकताना लक्षात येतं की सगळाच गोंगाट गाळण्याजोगा नसतो. मध्येच आलेली ‘वा!’, कुणाचा तरी खोकला, समेवर शेकडो मानांची एकदम झालेली हालचाल जिच्यामुळे सभागृहाचा आवाजच क्षणभर बदलतो, हा सगळा त्या गाण्याचा भाग आहे. याच आयटी कंपन्यांतली मंडळी ‘आयटी दिंडी’ म्हणून आळंदी ते पुणे पालखीबरोबर चालतात. त्यांना हे वेगळं सांगायला नको; टाळांच्या घोळक्यात चालणाऱ्याला आवाज आणि गोंगाट यांतली रेघ पायांनीच कळते.

असं इतरत्रही घडलं आहे. बॉब मार्लीचं ‘नो वुमन, नो क्राय’ १९७४च्या स्टुडिओ अल्बममध्ये आटोपशीर आणि काहीसं घाईचं आहे. १९७५च्या जुलैमध्ये लंडनच्या लायसियम सभागृहात त्याने ते संथ लयीत गायलं, आणि गर्दीने त्याच्याबरोबर गायलं. आज जग ओळखतं ते हेच गाणं. आपल्याकडे ‘गीतरामायण’ आहे. १ एप्रिल १९५५ला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली ती ५६ गीतं अनेक गायकांनी गायली होती. पुढे बाबूजींनी, सुधीर फडक्यांनी, ती सगळी एकट्याने गावोगाव गायली. राम, सीता, कौसल्या, हनुमान असे सगळे एकाच गळ्यातून बोलू लागले आणि महाराष्ट्राच्या मनात ठसले ते बाबूजींच्या त्या कार्यक्रमांतले.

तरीही प्रत्यक्ष मैफल म्हणजे आपोआप श्रेष्ठ असा नियम करणं चुकीचं ठरेल. किशोरी आमोणकरांच्या ‘सहेला रे’चा भूप स्टुडिओतला आहे, आणि त्याची बांधीव पूर्णता अशी की त्यानंतरचा प्रत्येक भूप लोक त्याच्याशी ताडून पाहू लागले. सवाई गंधर्व महोत्सवात इतक्या कलाकारांची मैफल झाल्यावर सांगता होते ती भीमसेनांचे गुरू सवाई गंधर्व यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेने, आणि त्या काही मिनिटांत मांडव स्तब्ध असतो. खुद्द भीमसेन अकराव्या वर्षी घर सोडून गुरूच्या शोधात निघाले ते अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ध्वनिमुद्रिका ऐकून. तीन मिनिटांत एक आयुष्य बदलू शकतं याचा याहून मोठा पुरावा कुठला?

मग फरक कुठे पडतो? माझ्या मते रचनेच्या स्वभावात. काही रचना घट्ट असतात. त्यांत एक स्वर इकडचा तिकडे केला तर तोल जातो. त्यांना स्टुडिओची शिस्त मानवते. काही रचना बाकीचं ऐकणाऱ्यांवर सोपवतात. ‘इंद्रायणी काठी’ ही दुसऱ्या जातीची आहे. तिचे शब्द फेर धरणारे, तिचा राग विसाव्याचा, तिचा विषय समूहाने एकत्र येण्याचा. अशी रचना बंद खोलीत कितीही नेटकी गायली तरी अर्धी राहते, कारण तिला ज्यांच्यासोबत पूर्ण व्हायचं आहे ती माणसं तिथे नसतात.

मूळ गाण्याचं श्रेय यामुळे कमी होत नाही. पु. लं.नी चाल बांधताना रिकाम्या जागा ठेवल्या नसत्या तर भीमसेनांना भरायला काही उरलंच नसतं. पण निवडायचंच झालं तर माझं मत मैफलीच्या बाजूने आहे. वाचकांना एवढीच विनंती: आधी चित्रपटातलं गाणं ऐका, मग लगेच ‘संतवाणी’तलं. दुसरं ऐकताना कानातली साधनं काढून ठेवा, घरातल्या मोठ्या स्पीकरवर लावा, आणि शक्यतो एकट्याने ऐकू नका.