सातव्या मुलाचं नाव

मुसोलिनीच्या इटलीतलं कुटुंबधोरण समजून घ्यायचं तर कायद्यांपासून सुरुवात करता येईल. आज मात्र मी एका स्वयंपाकघरापासून करणार आहे. एत्तोरे स्कोला यांचा १९७७ चा चित्रपट आहे, ‘उना जोर्नाता पार्तिकोलारे’, म्हणजे ‘एक विशेष दिवस’. तारीख ६ मे १९३८. हिटलर रोममध्ये आलाय, संचलन आहे, अख्खी इमारत ते बघायला गेलीय. मागे उरलेत सहा मुलांची आई अंतोनिएत्ता, समोरच्या खिडकीतला गाब्रिएले आणि इमारतीची रखवालदारीण. तिचा रेडिओ दिवसभर संचलनाचं वर्णन करत असतो, आणि ते आपल्यालाही ऐकावंच लागतं.

अंतोनिएत्ता मागे का राहिली? तर कामाला बाई नाही म्हणून. ज्या आईपणाचा राजवट एवढा गौरव करतेय, त्याच आईपणामुळे तिला गौरवाच्या सोहळ्याला जाता येत नाही. स्कोला हे कुठेही बोलून दाखवत नाहीत. उष्ट्या कपातली उरलेली कॉफी पिणारी सोफिया लॉरेन दाखवतात, बस्स.

आता या घरामागचा हिशेब बघा. मे १९२७ च्या भाषणात मुसोलिनीने सांगितलं, इटलीची लोकसंख्या चार कोटींवरून शतकाच्या मध्यापर्यंत सहा कोटी व्हायला हवी. आपल्याकडे ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ हा आशीर्वाद होता; या माणसाने त्याचं सरकारी धोरण केलं. अविवाहित पुरुषांवर कर बसला. १९२८ च्या कायद्याने सात मुलं असलेल्या सरकारी नोकरांना करमाफी दिली, इतरांसाठी अट दहाची. १९३० च्या दंडसंहितेत गर्भपात आणि संततिनियमनाचा प्रचार हे ‘वंशाविरुद्धचे’ गुन्हे ठरले. १९३३ पासून २४ डिसेंबर हा ‘माता आणि बालक दिन’, म्हणजे थेट नाताळची पूर्वसंध्या. प्रत्येक प्रांतातून एक बहुप्रसवा आई निवडून रोमला आणायचे.

अंतोनिएत्ताचा नवरा मंत्रालयात नोकरीला, मुलं सहा. म्हणजे घोडं एका मुलावर अडलंय!

पण ती नुसती पिचलेली बाई नाही, आणि चित्रपटाचं खरं बळ इथे आहे. मुसोलिनीच्या फोटोंचा अल्बम तिने स्वतः जपून केलाय, आणि गाब्रिएलेला तो अभिमानाने दाखवते. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालंय की तू घरात जे करतेस ते राष्ट्रकार्य आहे. हा मान खोटा असेल, पण त्याची भूक खोटी नव्हती. हुकूमशाही नुसत्या दंडुक्यावर चालते असं समजणाऱ्यांनी हा अल्बमचा प्रसंग पुन्हा बघावा. आणि त्याच बाईला नंतर सांगावं लागतं की नवऱ्याचं एका शिक्षिकेशी प्रकरण आहे. आपण अडाणी म्हणून आपली किंमत नाही, हे तिला आतून ठाऊक आहे. गंमत अशी की राजवटीला हवी होती तशी आदर्श बायको ती झाली, आणि राजवटीचा निष्ठावान नवरा शिकलेल्या बाईकडे गेला.

माझी तक्रार पुढे आहे. अंतोनिएत्ताला जाग येते ती गाब्रिएलेमुळे. तो रेडिओवरचा निवेदक, समलैंगिक म्हणून नोकरीवरून काढलेला, शिवाय अविवाहिताचा कर भरणारा. मार्चेल्लो मास्त्रोयानी यांनी तो इतका हळुवार केलाय की विरोधात बोलायला जीव होत नाही. तरीही विचारतो : शहाणपण बाहेरून, पुस्तकं वाचणाऱ्या पुरुषाकडूनच यायला हवं होतं का? कारण प्रत्यक्षात एवढे कर, बक्षिसं, शिक्षा करूनही तिशीच्या दशकात इटलीचा जन्मदर घसरतच गेला. या अपयशामागे कुठला नेता नव्हता, पत्रक नव्हतं. लाखो घरांत बायकांनी, काही ठिकाणी नवऱ्याच्या संगनमताने, गपचूप ठरवलं की एवढी पुरेत. त्याच वर्षी, काही महिन्यांनी, कचेऱ्यांतल्या बायकांची संख्या दहा टक्क्यांवर रोखणारा हुकूम निघाला. तो काढावा लागला, याचाच अर्थ बायका कचेऱ्यांत होत्या. त्या बायका या इमारतीत जवळपास दिसत नाहीत. दिसतात त्या रखवालदारणीसारख्या, पाळत ठेवणाऱ्या.

नवराही जरा सोयीचा झालाय. तो इतका आडदांड आहे की प्रेक्षक सगळा राग त्याच्यावर काढून मोकळा होतो, आणि दंडसंहिता नामानिराळी राहते. ती तर मुसोलिनीबरोबर गेलीही नव्हती. संततिनियमनाच्या प्रचारावरची बंदी १९७१ मध्ये न्यायालयाने उठवली. गर्भपाताची कलमं १९७८ पर्यंत कायम होती. म्हणजे हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा थिएटरात बसलेल्या बायकांना ती लागू होती.

शेवटचा प्रसंग मात्र निर्दोष आहे. रात्री नवरा सांगतो, सातवं होऊ दे, नाव अदोल्फो ठेवू. अंतोनिएत्ता गाब्रिएलेने दिलेलं पुस्तक उघडून खिडकीशी बसते. समोर दोन माणसं त्याला घेऊन जातात. ती पुस्तक ठेवते, एकेक दिवा मालवते आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन पडते.