रोजा, झोप आणि खेळाडूचे घड्याळ

रमजान आणि खेळ यांविषयीचे संशोधन वाचताना आमची एक तक्रार कायम राहते. शीर्षकात ‘उपवासाचा परिणाम’ असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात मोजलेला असतो तो अख्ख्या महिन्याचा परिणाम.

रोजा म्हणजे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाणीही नाही. परंतु त्याबरोबर दिवसाचा सारा क्रमच बदलतो. सहरीसाठी पहाटेपूर्वी उठायचे, सूर्यास्ताला इफ्तार, मग रात्रीची तरावीहची नमाज, नातलगांकडे जाणे-येणे. झोप उशिरा लागते, मध्येच तुटते आणि उरलेली दिवसा भरून काढावी लागते. भूक, तहान, झोप, जेवणाची वेळ आणि सरावाची वेळ एकदमच बदलतात. प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलावा, हे आपण आठवीच्या मुलांना शिकवतो. येथे ते पाळणे अवघड आहे हे मान्य. पण मग निष्कर्ष तरी जपून काढावेत.

दोन अभ्यास शेजारी ठेवून पाहू. अल्जीरियातील व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास २००७ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये आला. रमजानमध्ये खेळाडूंचा वेग, चपळाई आणि दमछाक सोसण्याची क्षमता घटल्याचे त्यात आढळले. सुमारे ७० टक्के खेळाडूंना आपला सराव व खेळ खालावला असे वाटत होते. हा अभ्यास पुष्कळदा उद्धृत होतो. मात्र त्यातील एका गोष्टीकडे फारसे कोणी थांबून पाहत नाही : महिना संपला, खाणेपिणे पूर्ववत झाले, तरी बहुतेक चाचण्यांचे आकडे वर आले नाहीत. घसरण केवळ रिकाम्या पोटाची असती तर ती ईदनंतर भरून यायला हवी होती. तुलनेसाठी रोजा न ठेवणाऱ्या खेळाडूंचा गट नव्हता, त्यामुळे हंगामाचा थकवा, सरावातील बदल की झोप, हे सांगता येत नाही.

दुसरा अभ्यास ट्युनिशियातील तरुण फुटबॉलपटूंवर २००६ साली झाला. येथे रोजा ठेवणारे व न ठेवणारे असे दोन्ही गट होते, आणि सगळे एकाच शिबिरात राहत होते. कामगिरीवर प्रतिकूल परिणाम दिसला नाही. शिबिरात जेवण, विश्रांती आणि सराव यांची आखणी आधीच झालेली असते, घरी तशी नसते, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. अर्थात या अभ्यासातही खोट आहे. रोजा कोणी ठेवायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवता येत नाही. तो श्रद्धेचा प्रश्न आहे. त्यामुळे दोन गटांतील माणसे मुळातच थोडी वेगळी असू शकतात.

झोपेचा संशय पक्का करणारे काम मोरोक्कोतून आले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोजक्या निरोगी तरुणांच्या मेंदूतील विद्युतलहरी रात्रभर नोंदवल्या गेल्या. रमजानमध्ये झोप लागायला वेळ लागत होता, एकूण झोप कमी झाली होती आणि बहुतेक स्वप्ने ज्या टप्प्यात पडतात तो टप्पा आखूड झाला होता. हे तरुण खेळाडू नव्हते, पण अंगातले घड्याळ खेळाडूचे निराळे नसते.

आणि घड्याळाची गोष्ट निघाली म्हणून चाचणीच्या वेळेबद्दल. एरवी शरीराचे तापमान आणि स्नायूंची ताकद दुपारनंतर, सायंकाळच्या सुमारास सर्वाधिक असते. रमजानमध्ये हीच वेळ अन्नपाण्यावाचून सर्वांत लांबलेली असते. म्हणून काही अभ्यासांत सायंकाळची कामगिरी घटलेली दिसते, सकाळची मात्र जवळपास तशीच राहते. सकाळी चाचणी घेणारा म्हणतो ‘परिणाम नाही’, सायंकाळी घेणारा म्हणतो ‘परिणाम आहे’. दोघेही खरे बोलतात! पण सारांशात वेळ गळून पडते आणि वाद तेवढा उरतो.

वर्तमानपत्रे हा वाद वीरकथांनी सोडवतात. हकीम ओलाजुवान रोजे ठेवून खेळला आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमधील महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, हे खरे आहे. २०१४ च्या विश्वचषकात रमजान सुरू होताच अल्जीरियाने जर्मनीला जादा वेळेपर्यंत झुंजवले, हेही खरे. एका असामान्य माणसावरून किंवा एका सामन्यावरून तुमच्या शाळेतल्या कबड्डीपटूबद्दल काहीच ठरत नाही.

आणि ठरवायचे तर असतेच. रोजा ठेवणाऱ्या मुलाला संघातून वगळणारे क्रीडाशिक्षक ‘संशोधन’ सांगतात. भर दुपारी त्याच्याकडून पूर्ण सराव करून घेणारेही संशोधनच सांगतात. मुलगा किती वाजता झोपला, किती वेळा उठला, हे दोघांपैकी कोणी विचारत नाही. दुपारच्या छोट्या डुलकीने रोजेदार खेळाडूंची धाव सुधारते असे काही प्रयोगांत दिसले आहे. इफ्तारनंतर सराव ठेवणे हाही एक मार्ग आहे, मात्र तो रात्रीच्या झोपेतून वेळ काढतो.

शेवटी अक्षांश. २०१२ चे लंडन ऑलिंपिक पूर्णपणे रमजानमध्ये झाले आणि तेथे रोजा १७ तासांच्या घरात होता. प्रवासात रोजा पुढे ढकलण्याची मुभा असल्याने अनेक खेळाडूंनी ती घेतली. मुंबईत दिवसाची लांबी वर्षभरात सुमारे ११ ते सव्वातेरा तास एवढीच हलते. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे असल्याने रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो; २०३० साली तो जानेवारीत सुरू होईल आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा एकदा. उन्हाळ्यातले आकडे तेव्हा लंडनला लावता येणार नाहीत. आपल्याकडे ते कधीच जसेच्या तसे लागू नव्हते.