जाब्याच्या घरची भाषा

उजनीच्या पाण्याच्या एका काठाला इंदापूर, दुसऱ्या काठाला करमाळा. मध्ये जिल्हा बदलतो, पण धुरळा, बाभळी आणि हलगीचा ठेका तोच राहतो. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. त्यातलं गाव बारामती-इंदापूरच्या माणसाला परकं वाटण्याचं कारण नाही. परकं वाटतं ते गावकुसाबाहेरचं एक घर, आणि हा सिनेमा त्या घराचाच आहे.

मराठी कौटुंबिक चित्रपटातलं घर म्हटलं की वाडा, तुळस आणि देवघर डोळ्यांपुढे येतं. इथे कचरू माने (किशोर कदम), त्याची बायको (छाया कदम), लग्नाची मुलगी आणि शाळेत जाणारा जांबुवंत, म्हणजे जाब्या, एका झोपडीत राहतात. माणसं कैकाडी, पिढीजात काम टोपल्या विणण्याचं. तुरकाट्या आणि फोकांच्या दुरड्या आपण आठवडी बाजारात घेतो, घासाघीसही करतो. पण त्या विणणारे हात घरात कोणत्या भाषेत बोलतात, हे आपल्याला कुठे माहीत असतं? ‘फँड्री’तलं हे कुटुंब घरात कैकाडी बोलतं. मराठी चित्रपटात मराठी प्रेक्षकालाच अर्थासाठी पडद्यावरची अक्षरं वाचावी लागतात. एरवी ज्या माणसांनी आपली भाषा शिकून घ्यायची असते, त्यांच्या उंबऱ्यावर आपण काही क्षण अडाणी ठरतो. मला या चित्रपटातलं खरं प्रतिनिधित्व इथे दिसतं.

या घरात एकच दुःख नाही. कचरूला पोरीच्या लग्नाच्या पैशांची काळजी, म्हणून तो गावापुढे वाकतो. जाब्याला वाकायचं नाही. त्याला जीन्स हवी, वर्गातल्या शालूनं आपल्याकडे पाहायला हवं. नाक सरळ व्हावं म्हणून तो नाकाला चिमटा लावतो. सुंदर चेहरा कसा असतो हे त्याला कुणी शिकवलं, ते दिग्दर्शक सांगत नाही. चिमटा पुरेसा बोलतो. जाब्या साकारणाऱ्या सोमनाथ अवघडे या हलगी वाजवणाऱ्या मुलाचा चेहराच या प्रश्नाचं उत्तर आहे. त्याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा आणि मंजुळे यांना पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

जत्रेचा प्रसंग पाहताना मला काटेवाडी आठवते. तुकोबांची पालखी तिथे येते तेव्हा परीट समाज धोतराच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचं रिंगण होतं. कष्टकरी जातींच्या कामाला त्या दिवशी मान असतो. ‘फँड्री’तल्या जत्रेत जाब्या नवे कपडे घालून, बेभान होऊन नाचतो, आणि बाप त्याच्या डोक्यावर दिवा आणून ठेवतो. उजेड जाब्याच्या डोक्यावर, नाच दुसऱ्यांचा. मान आणि ओझं यांच्यातलं अंतर याहून थोडक्यात दाखवणं कठीण.

मग डुकरं धरण्याचं काम येतं. सगळं घर चिखल-काट्यांतून पळतंय, गाव तमाशा पाहत बसलंय, शालू हसतेय, आणि जाब्या लपतोय. अशात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. जाब्या थबकतो, बापही ताठ उभा राहतो. हाती आलेलं डुक्कर निघून जातं. गीताचा मान राखणारं हे कुटुंब गीत संपताच पुन्हा डुकरामागे धावतं. पुढे बांबूला टांगलेलं डुक्कर शाळेच्या भिंतीसमोरून नेलं जातं. भिंतीवर फुले आणि आंबेडकर रंगवलेले आहेत. कॅमेरा कुणालाही दोष देत नाही, फक्त दोन्ही गोष्टी एका चौकटीत ठेवतो.

‘फँड्री’ म्हणजे कैकाडीत डुक्कर. गावातली पोरं जाब्याला याच शब्दानं चिडवतात. इतकी वर्षं शेजारी राहून गावानं त्या घरच्या भाषेतला एकच शब्द उचलला, आणि तो शिवी म्हणून वापरला. शेवटी जाब्या भिरकावतो तो दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. त्या भाषेतला दुसरा शब्द आपल्यापैकी कुणाला येतो, असंच तो दगड आपल्याला विचारतो.