अर्जदास्तीचें हास्य

हास्याचा शास्त्रीय अभ्यास मराठींत नवा नाहीं. न. चिं. केळकरांनीं १९०८ सालीं 'सुभाषित आणि विनोद' हें पुस्तक लिहून त्याचा पाया घातला, आणि १९३७ सालीं 'हास्यविनोदमीमांसा' या ग्रंथांत तोच विषय विस्तारानें मांडिला. आतां विनोद आणि समाज, विनोद आणि भाषा, विनोद आणि शिक्षण अशा मथळ्यांचे प्रबंध विद्यापीठांतून तयार होतात. या उद्योगाविषयीं पूर्ण आदर राखूनहि एक आक्षेप नमूद करणें प्राप्त आहे. हास्य कां उत्पन्न होतें याची चर्चा पुष्कळ होते. परंतु तें ज्या शब्दांवर उभें असतें त्यांचा पाठ नीट राहिला आहे काय, व ते शब्द प्रथम ऐकणारांस काय काय ठाऊक होतें, ही चौकशी फारच थोडे करितात. हें काम तत्त्वज्ञांपेक्षां पोथ्या बाळगणारांचें अधिक आहे, म्हणून तें याच पानांत मांडतों.

भरतानें नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार सांगून ते उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींस दोन दोन वांटून दिले. विकृत वेष, असंबद्ध प्रलाप, व्यंगदर्शन हे त्याचे विभाव. अभिनवगुप्ताची टीका बडोद्याच्या ग्रंथमालेंत १९२६ पासून छापून येऊं लागली. तींत हा विचार फार पुढें नेलेला आहे. अनौचित्य दिसलें कीं कोणत्याहि रसाचा आभास होतो व त्यांतून हास्य निघतें, हें त्याचें म्हणणें मला आजहि निर्विवाद वाटतें. मात्र अनौचित्य दिसण्यास औचित्य आधीं ठाऊक असावें लागतें. तें कोणास ठाऊक असतें व कोणत्या शाळेंत शिकून, येथें शास्त्र थांबतें.

मृच्छकटिकांतील शकाराचेंच उदाहरण घ्या. हनुमंतानें सुभद्रेस पळविलें अशा थाटाचे दाखले तो देतो. रामायण व भारत ज्यास ठाऊक नाहीं त्यास येथें हंसूं येणार नाहीं. शिवाय तो 'स'काराच्या ठिकाणीं 'श'कार बोलतो. आतां आमच्या पाठ्यपुस्तकांत प्राकृताखालीं संस्कृत छाया दिलेली असे, आणि परीक्षेस छायाच पुरे. मीं स्वतः तीस वर्षें मुलांकडून छायाच वाचून घेतली, हा दोष माझा. छायेंत शकाराचे सगळे 'श' नीट 'स' होऊन बसतात, आणि राजाचा तो उर्मट मेहुणा पंडितासारखा बोलूं लागतो. मुलें हंसत नसत, आणि मीं समजें कीं मुलें मंद आहेत.

हाच प्रकार मराठींत एकनाथांच्या अर्जदास्तीचा झाला आहे. भारुडांतील हें प्रकरण म्हणजे सरकारी कागदाचें हुबेहूब सोंग होय. शरीर हा परगणा. जीव त्याचा शेखदार, बुद्धि कारकून. मन देशमुख, ममता देशपांडीण, क्रोध नाईकवाडी. हे वतनदार मिळून मुलूख खातात. म्हातारपण येतांच कान, डोळे, दांत हीं गांवें ओस पडूं लागतात. आणि शेवटीं यमाजीपंतांचें बोलावणें येतें. मला पाहावयास मिळालेल्या छापील गाथांत याचा अध्यात्मपर अर्थ मोठ्या श्रमानें दिलेला आहे. मायन्याचा, हुद्यांचा, फार्सी शब्दांचा उलगडा बहुधा नाहीं. 'शेखदार' हें रूप पाहून एखादा वाचक शेख-सय्यदांकडे वळतो. मूळ शब्द 'शिकदार', म्हणजे मुलुखाच्या एका भागाचा वसुली अंमलदार. माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश १९२५ पासून उपलब्ध आहे. तो उघडावयाचा आळस, दुसरें काय!

कुरुंद्यास माझ्या लहानपणीं एक वृद्ध गृहस्थ होते. निजामाच्या अमदानींत तहसिलीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणें हा त्यांचा व्यवसाय. हैदराबाद संस्थानांत दफ्तराची भाषा आधीं फार्सी, मग उर्दू. १९४८ पर्यंत तोच मायना, तेच सलाम चालू होते. एकादशीस देवळांत अर्जदास्त म्हणूं लागले कीं, आम्ही मुलें ममताई देशपांडीण येईपर्यंत वाट पाहत असूं. ते मात्र पहिल्या दोन ओळींतच, थट्टा अजून सुरू व्हावयाची असतां, डोळे पुसूं लागत. कारण विचारलें तेव्हां म्हणाले, "अरे, हाच मायना मीं चार आणे हाली घेऊन जन्मभर लिहिला. देवास लिहून द्या म्हणून कोणी आला नाहीं."

भरताच्या सहांपैकीं हें कोणतें हास्य, हें मला अद्याप ठरवितां आलेलें नाहीं.

या प्रकरणाचें इतिहासदृष्ट्या मोल मोठें आहे. एकनाथ १५९९ सालीं निवर्तले. म्हणजे हें सोंग राजव्यवहारकोशाच्या पूर्वीच्या दफ्तराचें असावयास पाहिजे. परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. चालू दफ्तराची थट्टा करणारा मजकूर प्रत्येक लेखक आपल्या काळच्या दफ्तराप्रमाणें बदलूं शकतो, आणि बदलणें त्यास पाप वाटत नाहीं. अभंगांत तो असें करण्यास कचरेल. म्हणून छापील पाठावरून सोळाव्या शतकांतील हुद्दे काढूं पाहणें धोक्याचें. मिति असलेलीं बाडें जुळवून, कोणता हुद्दा कोणत्या प्रतींत आहे, मायना कोठें बदलला, हें पाहिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. अशीं बाडें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं पहिला मायना अक्षरशः, चुकांसह, उतरून घ्यावा. 'अशुद्ध' म्हणून सुधारूं नये. कीर्तनकाराच्या वहींतील मजकूर हलका, असा समज आपल्या मंडळींत आहे. बडोद्याच्या राजदफ्तराचे प्रमुख चिं. वि. जोशी होते, आणि चिमणराव त्यांचाच, एवढें तरी आठवावें.

त्या वृद्ध गृहस्थांकडे स्वहस्ते लिहिलेली भारुडांची एक वही होती. पहिलीं पानें मोडींत, पुढचीं बाळबोध. त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनीं मीं ती पाहावयास मागितली. घरच्यांनीं हरिपाठाचीं पानें कापडांत बांधून ठेविलेलीं दाखविलीं. बाकीचीं थट्टेचीं म्हणून बंबांत घातलीं होतीं.