पदनाम 'कंट्रोल' करण्याआधी हे दोन निकाल वाचा

पगारातल्या भेदभावावर सिनॉप्सिस लिहिताना आपण सगळेच एक वाक्य हमखास टाकतो: 'पदनाम आणि अनुभव कंट्रोल केले आहेत.' गाइडही खूश होतात. या वाक्यात काय गडबड आहे, ते मुंबईतून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या दोन प्रकरणांत छान दिसतं.

१९८७ चं प्रकरण मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकॉस्टा. कंपनीत 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर' असं पदच होतं. त्यावर फक्त बायका, आणि पगार पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी. कंपनी म्हणाली, पद वेगळं आहे, त्यावर पुरुष नाहीतच, मग भेदभाव कसला? शिवाय युनियनशी करार झालाय आणि कंपनीची आर्थिक स्थितीही नाजूक आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्यापुढे यातलं काहीच टिकलं नाही. न्यायालयाने पदाचं नाव बाजूला ठेवून प्रत्यक्ष काम पाहिलं. तिथे फक्त बायका आहेत, कारण व्यवस्थापनालाच त्या तिथे हव्यात, हेही स्पष्ट सांगितलं.

आता हाच डेटा रिग्रेशनमध्ये घालून बघा. पदनाम कंट्रोल केलं की तुलना एकाच पदाच्या आत होते. इथे त्या पदावर पुरुषच नाही, म्हणजे फरक मोजताच येणार नाही! जे पदनाम भेदभावातूनच तयार झालं, तेच आपण कंट्रोल म्हणून वापरतोय.

१९८१ च्या एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा निकालाची गाडी मला वाटतं इथेच घसरली. पहिल्या गरोदरपणात नोकरी घालवणारा नियम न्यायालयाने रद्द केला, ते उत्तमच. पण एअर होस्टेसची भरती, सेवाशर्ती, बढतीच्या वाटा पुरुष पर्सरपेक्षा वेगळ्या, म्हणून त्यांचा वर्गच वेगळा, असं मानलं. हा फरक लिंगावर आधारित नाही, ही सरकारी घोषणाही ग्राह्य धरली. अहो, पण बढतीच्या वाटा वेगळ्या केल्या कुणी? ज्याबद्दल तक्रार, तेच उत्तर म्हणून पुढे आलं.

म्हणून पदनाम सरळ काढून टाकायचं का? तसंही नाही, कामात खरा फरक असू शकतो. उद्या हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांचा डेटा हाती आला, तर पदनामासह आणि पदनामाशिवाय अशी दोन्ही मॉडेल्स चालवा. कोण कोणत्या पदावर पोचतं, हा प्रश्न वेगळा तपासा. आणि कोण प्रत्यक्ष काय काम करतं, ते मुलाखती घेऊन लिहून काढा; एचआरच्या एक्सेल शीटमध्ये तो कॉलम सहसा नसतो.