रातकिड्यांचे पुनर्वर्गीकरण : शरीररचनेचा आधार व त्याची मर्यादा

ग्रिलस या वंशात दीर्घकाळ शेतातील बहुतेक रातकिडे समाविष्ट केले जात. निदान रंग व पंखांची लांबी अशा बाह्य लक्षणांवर होई. परंतु एकाच जातीत आखूड व लांब पंखांचे कीटक संभवत असल्याने ही लक्षणे फसवी ठरतात. ल्यूसियाँ शोपार यांनी १९६१ मध्ये नराच्या जननेंद्रियांच्या रचनेवरून या वंशाचे विभाजन केले. टेलिओग्रिलस हा वंश त्यातूनच निघाला. रँडेल यांनी १९६४ मध्ये तीच पद्धती पुढे नेली. वॉकर यांनी १८७१ मध्ये वर्णिलेली गटिव्हेन्ट्रिस ही भारतीय जाती आज त्यांनी स्थापिलेल्या प्लेबिओग्रिलस वंशात मोडते.

वंशनिश्चितीपुरती ही कसोटी निःसंशय श्रेष्ठ होय. तथापि माद्या व अपक्व कीटक तिच्या कक्षेबाहेर राहतात. शिवाय जातिभेद दाखविण्यास ती नेहमीच पुरी पडत नाही. फुल्टन यांनी १९५२ मध्ये आणि अलेक्झांडर यांनी १९५७ मध्ये दाखविले की, अमेरिकेतील काही रातकिडे रचनेने जवळजवळ अभिन्न असूनही गायन व जीवनक्रम यांनी भिन्न जाती ठरतात.

वर्धा जिल्ह्याच्या काळ्या जमिनीतील रातकिड्यांची सूची करताना हा भेद विसरून चालणार नाही. जुन्या सूचीतील ग्रिलस हे नाव केवळ लेखणीने बदलणे म्हणजे पुनर्वर्गीकरण नव्हे. त्यासाठी जतन केलेला नर नमुना पुन्हा तपासावा लागतो. नव्या संग्रहात विच्छेदित नराबरोबर त्याच्या गायनाची नोंदही हवी, आणि गायनाची गती उष्णतेनुसार बदलत असल्याने त्या वेळचे तापमानही. अन्यथा नावे अद्ययावत होतील, ज्ञान मात्र होणार नाही.